फौजदाराचा दगड

आमच्या घरात स्वस्थ बसणं कुणालाच यायचं नाही. पाणी येण्याआधी नळ फुसफुसतो, म्हणून अण्णा जेवता जेवता अर्ध्यात उठायचे आणि अंगणातल्या नळाला कान लावून यायचे. आई भाकरी तव्यावर टाकून पुढच्या दाराची कडी लागली का ते बघायला जायची, आणि परत येईपर्यंत भाकरी एका बाजूनं काळी झालेली असायची. थोरला दादा कामावरून आला की गच्चीवर येरझाऱ्या घालायचा. खाली आम्हाला त्याच्या चपलांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा. आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला हे गाव सोडून जायचं होतं. कुठं आणि कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण जायचं होतं. आजही मी हे लिहिताना दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या त्या सिडकोच्या घरात आपली जागा पक्की ठाऊक असलेला एकच जीव होता, तो म्हणजे फौजदार. फौजदार हा मासा होता.

माशांची टाकी अण्णांच्या कंपनीतल्या एका साहेबांची. त्यांची बदली झाली तेव्हा एवढी काचेची टाकी ट्रकमध्ये घालून न्यायची कशी, म्हणून त्यांनी ती माशांसकट अण्णांना देऊन टाकली. अण्णांना नाही म्हणता येत नसे. टाकी टेम्पोतून आली, तिच्याबरोबर दोन बादल्यांत मासे आले आणि एका गोणीत दगड आले. दगड बघून आई म्हणाली, "देवगावच्या वावरात काय कमी व्हते, की हितं बी दगडं आणली?" आमचं मूळ गाव देवगाव रंगारी, आणि तिथल्या शेतातले दगड वेचण्यात आईची लग्नानंतरची पहिली काही वर्षं गेली होती. मासे सिक्लिड जातीचे होते, आफ्रिकेतल्या कुठल्याशा मोठ्या तळ्यातले. आमच्या कॉलनीतल्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही आणि बादल्यांना आतून पांढरा थर धरायचा. माणसांना नको झालेल्या त्या पाण्यात हे मासे मात्र खुलले. सगळ्यांत मोठा होता तो निळा, अंगावर काळे पट्टे, तो फौजदार. त्याच्या मागं मागं राहून इतरांच्या जागेत नाक खुपसणारा पिवळा तो तलाठी. नावं अण्णांनी ठेवलेली. आणि दिवसभर काच चाटत फिरणारा काळा सकर, त्याला कुणी नावच ठेवलं नाही, कारण तो कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. फौजदाराचा एक दगड होता, डाव्या कोपऱ्यातला, खाली पोकळी असलेला. त्या दगडाच्या आसपास कुणी आलं की तो कल्ले फुगवून धावून जायचा.

टाकी मोठी आणि मासे मोजके, म्हणून आणखी मासे आणावेत असं मला वाटायचं. शहागंजच्या गर्दीत मोईनभाईंचं मासे-पाखरांचं दुकान होतं. पोपटांच्या कलकलाटात मोईनभाई इतक्या मोठ्यानं बोलायचे की दुकानाबाहेरही तसंच बोलायची त्यांना सवय लागली होती. मी विचारायचे, हा आमच्या सिक्लिडमध्ये चालेल का? मोईनभाईंच्या तोंडी "नहीं" हा शब्दच नव्हता. "लेके जाव बेटी, एकदम शरीफ मछली है. माझी गॅरंटी." त्यांच्या गॅरंटीवर मी लांब पंखांचे एंजल आणले, दुसऱ्या दिवशी त्यांचे पंख उंदरानं कुरतडलेल्या कापडासारखे झालेले. मऊ स्वभावाचे गुरामी आणले, ते कोपऱ्यात तोंड घालून उपाशी राहिले. तक्रार घेऊन गेले तर मोईनभाई म्हणायचे, "बेटी, मछली शरीफ थी, तुम्हारा फौजदार बदमाश है," आणि नवीन पिशवी पुढं करायचे. हळूहळू माझं मलाच कळत गेलं. लांब पंखांचा नको, संथ पोहणारा नको, फौजदाराच्या रंगाचा तर मुळीच नको. पळता आलं पाहिजे आणि जड पाणी मानवलं पाहिजे. आणि एकटा कधीच आणायचा नाही, आणायचे तर चार-पाच एकदम, म्हणजे मार वाटला जातो. हल्ली माझा भाचा मोबाइलवरच्या माशांच्या ग्रुपमध्ये असतो. तिथं रोज कुणीतरी विचारतं, याच्यासोबत काय ठेवू? मग लोक तक्ते टाकतात, कुणाचं कुणाशी जमतं आणि कुणाचं नाही. भाचा ते मला वाचून दाखवतो आणि मी मान हलवते.

दादाचं लग्न झालं आणि रेखा वहिनी घरात आली. ती वैजापूरची, तिच्या वडिलांची तिथल्या मार्केट यार्डात कांद्याची आडत. मोठ्या घरातून आलेली, बोलायला मोकळी, हसली की शेजारच्यांना कळायचं. आमच्या घरात ती हळूहळू खालच्या आवाजात बोलायला लागली. तिला कुणी जाच केला असं नाही. आई वाईट नव्हती, हे मी तिची मुलगी म्हणून सांगत नाही. पण आईच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, आणि ती जागा ठरवण्यात आईचा सगळा जन्म गेला होता. मिठाची बरणी शेगडीच्या उजवीकडं, पोह्यांचा डबा खालच्या फळीवर, तिखट-मीठ-हळदीचा पाळा खिडकीत, साखर मधल्या फळीवर भिंतीला चिकटून. वहिनीनं स्वयंपाक केला की आई तिच्या मागं उभी राहायची आणि डबे पुन्हा जागच्या जागी सरकवायची, बोटभर इकडं, बोटभर तिकडं. वहिनीनं येसराचा मसाला भाजला तर आई वास घेऊन म्हणायची, "आमच्यात धने जरा कमी घालतेत." वहिनी म्हणायची, "व्हय आत्या." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आतल्या खोलीत कपाट होतं, त्यात आईच्या साड्या, अण्णांचे स्वेटर, माझ्या शाळेतल्या वह्यासुद्धा होत्या. वहिनीचे कपडे तिनं माहेराहून आणलेल्या लाल सुटकेसमध्येच राहिले. सुटकेस दिवाणाखाली असायची. रोज सकाळी ती गुडघ्यावर बसून सुटकेस ओढायची, साडी काढायची आणि परत आत ढकलायची. फरशीवर सुटकेस घासल्याचा तो आवाज हा आमच्या घराच्या सकाळच्या आवाजांपैकी एक झाला. नळाची फुसफुस, टाकीच्या पंपाची गुरगुर आणि सुटकेस. आम्हाला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं.

उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनीच्या वडिलांचा फोन आला होता, आणि बोलता बोलता त्यांनी तिला सांगितलं होतं की घरात मासे आहेतच तर नऊ असावेत, आठ सोनेरी आणि एक काळा. घराला भरभराट येते आणि येणारं संकट काळा मासा आपल्या अंगावर घेतो. तेव्हा सगळीकडं हेच चाललं होतं, दुकानांच्या गल्ल्यामागं, दवाखान्यांत, सगळीकडं आठ सोनेरी आणि एक काळा. वहिनी एका दुपारी एकटीच रिक्षानं शहागंजला गेली. मोईनभाईंनी तिलाही गॅरंटी दिली असणार. मी कॉलेजातून आले तेव्हा ती दारातच उभी होती, चेहरा फुललेला. "ताई, डोळे मिटा अन् या." मी डोळे उघडले तेव्हा फौजदारानं एका गोल्डफिशला काचेशी दाबून धरलं होतं. बाकीचे जड शेपट्या घेऊन पळायला बघत होते आणि पळता येत नव्हतं. तलाठीही आता नुसता मागं मागं राहणारा नव्हता. पाण्यात सोनेरी खवले तरंगत होते. मी ओरडले, जाळी आणायला धावले, रडायला लागले. आरडाओरडा ऐकून आई आली, टाकीकडं बघितलं आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, राग न करता, म्हणाली, "या घरात इचारल्याबिगर कशाला हात लावायचा नाय, एवढं कळाया पाहिजे व्हतं."

वहिनीनं हातातली रिकामी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आत्या, मला वाटलं, या घरात येक तरी वस्तू माझ्या हातची असंल." तिचा आवाज थरथरत नव्हता, हेच मला जास्त लागलं. गोल्डफिश एकही वाचला नाही. वाचला तो काळाच. तो मॉली जातीचा होता, लहान, चपळ, आणि जड पाण्याला न घाबरणारा. तो पंपाच्या नळीमागच्या फटीत शिरला आणि तिथंच राहिला. मी जाळीनं काढायला गेले की आणखी आत जायचा. खाणं टाकलं की बाहेर तोंड काढायचा आणि फौजदार वळला की पुन्हा फटीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनीच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. ती वैजापूरला गेली. सुटकेस भरायला तिला वेळ लागला नाही. ती भरलेलीच होती. दिवाणाखालून ओढली आणि निघाली. लग्न झालं, मांडव उतरला असेल, पाहुणे पांगले असतील, वहिनी आली नाही. दादा फोन करायचा तेव्हा ती बोलायची, हसायचीसुद्धा, पण येते म्हणायची नाही. आई म्हणत राहिली, "येईल की. जाती कुठं?" मग एका संध्याकाळी वहिनीच्या वडिलांचा अण्णांना फोन आला. अण्णा फक्त "हां, हां" करत होते. फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले. म्हणाले, "भांडण नाय म्हनती पोरगी. कुणाबद्दल तक्रार नाय. पण तिकडं जागा नाय म्हनती." आई म्हणाली, "जागा नाय म्हणजे? येवढं घर हाय!" दादा गच्चीवर गेला. त्या दिवसांत त्या चपलांचा आवाज ऐकून माझ्या डोक्यात घण बसायचे. मला वाटायचं, वर जाऊन त्याला सांगावं की जा, आज जा आणि घेऊन ये. पण दादा म्हणायचा, आणून काय करू, पुन्हा तेच. त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग यायचा. मला वहिनी हवी होती. ती गेल्यावर कळलं की घरात मोठ्यानं हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्याच सुमाराला बोअर आटली. टाकीतलं पाणी हिरवं पडत चाललं आणि मला रोज भीती वाटायची की आज एखादा मासा उलटा तरंगेल. एका दुपारी कॉलनीत पाण्याचा टँकर आला. सगळ्या बायका बादल्या, पिंपं, पातेली घेऊन धावल्या. मी आईला म्हटलं, चार बादल्या टाकीसाठी पाहिजेत. आईनं डोळे मोठे केले, पण दिल्या. पाणी साठवून ठेवायला दुसरं काही रिकामं नव्हतं, म्हणून जे करायचं ते तेव्हाच करायचं होतं. निम्मं जुनं पाणी मी जपून टबात काढलं, त्यात मासे सोडले, आणि सगळे दगड बाहेर काढून मोरीत टाकले. काच घासली. दगड घासले. परत लावताना कुठला दगड कुठं होता ते बघायला वेळ नव्हता. विजेचा भरवसा नव्हता आणि पंप सुरू व्हायला हवा होता. जो दगड हाती आला तो ठेवत गेले. फौजदाराचा पोकळ दगड उजवीकडं गेला आणि तोही आडवा. मग मासे सोडले.

आई दमून तिथंच फरशीवर टेकली होती, मांडीवर ताट घेऊन तूर निवडायला लागली होती. थोड्या वेळानं तिचा हात थांबला. फौजदार टाकीच्या मध्यभागी उभा होता. इकडं गेला, तिकडं गेला, डाव्या कोपऱ्यात जाऊन आला. तिथं दुसराच दगड होता. तलाठी एका नव्या फटीत तोंड घालून बघत होता. आणि तो काळा मॉली, जो पंपामागून निघायचा नाही, तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत होता. फौजदाराच्या नाकापुढून गेला. फौजदारानं कल्ले फुगवले नाहीत.

"आता का मारीना गं त्याला?" आईनं विचारलं.

"त्याचा दगड गेला ना, आई. सगळ्यांच्याच जागा गेल्या. आता सगळेच नवे."

"अन् पुन्हा धरतील की जागा."

"धरतील. पण हा काळा बी धरंल."

ताटातली तूर आईनं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली, निवडलेली आणि न निवडलेली एकत्र झाली होती. मला तेव्हा काही सुचलं नव्हतं, हे खरं सांगते. मी फक्त मासे वाचले म्हणून खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवरचा प्रत्येक डबा, बरणी, पातेलं, उलथनं, लाटणं खाली फरशीवर होतं. आई स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचा जुना कागद ओरबाडत होती. आतल्या खोलीत कपाटाची दोन्ही दारं उघडी आणि तिच्या साड्या दिवाणावर ढिगानं. अण्णांना वाटलं, झुरळं झाली. "चहा?" त्यांनी दारातून विचारलं. "बाहेर पिऊन या," आई म्हणाली. मी एक डबा उचलून फळीवर ठेवायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. "ऱ्हाऊ दे तसंच. कुणी बी काय बी वर ठिवायचं नाय." मग तिनं तोंड धुतलं, चांगली साडी नेसली, पदरात शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि एकटीच वैजापूरच्या एसटीत बसून गेली. दादाला नेलं नाही. तो येतो म्हणाला तर म्हणाली, "तुझं काय काम तिथं?"

दिवसभर आम्ही तिघं त्या पसाऱ्याला वळसे घालत हिंडलो. आई तिथं काय बोलली असेल, आणि वहिनी नाही म्हणाली तर आई हे सगळं पुन्हा एकटीच वर लावेल का, हा विचार डोक्यातून जाईना. मी कितीदा फाटकापर्यंत जाऊन आले. दादा त्या दिवशी गच्चीवर गेला नाही, पुढच्या पायरीवर बसून राहिला. उन्हं कलताना कोपऱ्यावर रिक्षा थांबली. आधी आई उतरली, मग लाल सुटकेस, मग वहिनी. दादा उठला आणि त्याला चप्पल सापडेना.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "रंग देयचाय का, आत्या?"

"नाय," आई म्हणाली. "तुला जसं पाहिजे तसं लाव. कुठं काय ठिवायचं ते तू ठरव. मला इचारू नको." आणि थांबून म्हणाली, "अन् आधी ती बॅग रिकामी कर. कपाटातल्या वरच्या दोन फळ्या तुझ्या."

वहिनी तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि रडली, डब्यांच्या मधोमध, साखरेच्या डब्याला धरून. आईनं तिला उगी केलं नाही. तिला ते जमायचं नाही. ती बाहेर येऊन टाकीसमोर खुर्ची ओढून बसली. आतून डबा ठेवल्याचा आवाज आला की तिची मान वळायची. मोठं काही घासलं की ती अर्धी उठायची आणि खुर्चीचे हात घट्ट धरून पुन्हा बसायची. एकदा तर दारापर्यंत गेली, आतून वहिनी काहीतरी गुणगुणत होती ते ऐकलं आणि माघारी आली. समोर फौजदार काचेला नाक लावून खालीवर करत होता. मी आईचा हात धरला. एवढं अवघड काम तिनं तिच्या आयुष्यात दुसरं केलं नसावं, आणि मला तिचा तेव्हा जितका अभिमान वाटला तितका नंतर कधी कुणाचा वाटला नाही.

यानंतर घरात सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं नाही. दोघी पुढं खूप भांडल्या, येसरावरून, पोरांच्या अभ्यासावरून, टीव्हीच्या आवाजावरून. पण भांडल्या त्या दोघीही मोठ्या आवाजात. फौजदारानंही पंधरवड्यात नवा दगड धरला आणि पुन्हा अरेरावी सुरू केली, फक्त आता मॉलीचीही एक फट होती आणि तो तिथून त्याच्यावर उलटा धावून यायचा. मी गाव सोडून पुण्याला गेले, तिथंही स्वस्थ बसले नाही. आणि दर वेळी घरी गेले की एक वाक्य कानावर पडायचं. चहा टाकताना आई स्वयंपाकघरात उभी राहून हाक मारायची, "रेखा, साखर कुठंय गं?" आणि वहिनी असेल तिथून सांगायची, "वरच्या फळीला, आत्या." मी म्हणायचे, आई विसरायला लागली.

मागच्या वर्षी वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात होती म्हणून मी आईजवळ राहायला गेले. गावाचं नाव आता संभाजीनगर, टाकी कधीच गेली, तिच्या जागी भाच्याचं टेबल आहे. आईची नजर मंदावलेली, ती भिंतीला धरून चालते. दुपारी मी डुलकी काढत होते आणि स्वयंपाकघरात खुडबूड ऐकू आली. दारातून पाहिलं. आई एकटी होती. शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, आणि न चाचपडता, न थांबता तिचा हात सरळ वरच्या फळीवरच्या साखरेच्या डब्यावर गेला. झाकण काढलं, दोन चमचे टाकले, डबा जिथल्या तिथं ठेवला. मी पाहिलं हे तिला कळलं असावं, कारण पाठमोरीच म्हणाली, "बोलू नको कुणाला."

चार दिवसांनी वहिनी घरी आली. कुबडी टेकत पलंगापर्यंत गेली, बसली, घाम पुसला. आई तिच्यासाठी चहा करते म्हणून आत गेली. आम्ही सगळे बाहेर होतो. आतून हाक आली.

"रेखा, साखर कुठंय गं?"

"वरच्या फळीला, आत्या," वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हळूच तोंडावर बोट ठेवलं.